किंकाळीचे मार्क

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, त्यांनी मला किंचाळायला सांगितलं. मी राहात्याच्या त्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. आणि समोर पन्नाशी उलटलेले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक गृहस्थ डबा खाता खाता म्हणत होते, "सर, जरा किंचाळून दाखवा बरं." नव्या माणसाची फिरकी घ्यायची इथली पद्धत असेल असं मला वाटलं. मी आजूबाजूला पाहिलं. बाकीचे शिक्षक माना खाली घालून जेवत होते. शेवटी मी एक लाजरा आवाज काढला. त्यांनी घास गिळला, डोळे मिटून थोडा विचार केला आणि म्हणाले, "सोळा. शंभरपैकी." माझं तोंड पडलेलं बघून त्यांनीच समजूत घातली, की मुख्याध्यापकांना अकराच मिळाले होते.

ते गणित शिकवायचे. त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही, आणि का ते शेवटी कळेल. तसंही गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नव्हतं. आम्ही 'सर' म्हणायचो, पोरं पाठीमागं 'किंकाळी सर' म्हणायची, आणि घरी त्यांच्या मंडळी तर काहीच म्हणायच्या नाहीत.

सरांना भुताखेताचे, खूनखराब्याचे पिक्चर बघायचं वेड होतं. वेड हा शब्दही कमीच पडेल. हा माणूस मटणाच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, एकादशीला पाणीसुद्धा विचारून प्यायचा, आणि शुक्रवारी दुपारी टॉकीजमध्ये बसून कोणाचं मुंडकं कसं उडालं ते मान तिरकी करून बघायचा. मी एकदा विचारलं, की माळकऱ्याला हे कसं चालतं. ते म्हणाले, "आपन कुठं खातोय? नुसतं बघतोय."

खरं तर ते बघत नसत, ऐकत असत. रक्तात, भुताच्या मेकअपमध्ये, गोष्टीत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त किंकाळी हवी असायची. कुठल्याही पिक्चरमध्ये कोणी किंचाळलं, की ते पुटपुटत मार्क द्यायचे. पस्तीसला पास. आजवर एकही नट, एकही नटी पास झाली नव्हती. एकीला एकदा तेहेतीस मिळाले होते. मी म्हटलं, दोन मार्कांचं काय एवढं, ग्रेस देऊन टाका. ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू काही मी बोर्डाचा पेपरच फोडला होता.

त्यांची एक उपपत्ती होती, आणि ती ते वर्गात पायथागोरसच्या आधी शिकवायचे. नट आधी तोंड उघडतो आणि लगेच आवाज काढतो, म्हणून तो नापास. खरा भ्यालेला माणूस आधी श्वास आत घेतो. तेवढा वेळ सगळं गप्प होतं. मग जे बाहेर येतं ते बेंबीच्या देठापासून येतं, आणि ते आल्यावर माणसाला कळतसुद्धा नाही की आपण काय बोललो. एकदा आठवीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीतून पाल निघाली. ती किंचाळली, वर्ग बाकांवर चढला. सर फळ्याकडून शांतपणे वळले, "बावीस" म्हणाले आणि परत फळ्याकडं वळले. पाल शेवटी शिपायानं काढली.

एवढं कडक माप त्यांना मिळालं कुठून, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या डाव्या पायाची करंगळी नव्हती. स्टाफरूममध्ये चपला काढून, मांडी घालून खुर्चीत बसायची त्यांची सवय असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ते पाय पाठ होते: टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं, आणि डावीकडं करंगळीच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा. लहानपणी कडबाकुट्टीत गेली म्हणाले. मी विचारलं, तुम्ही केवढ्यानं ओरडला असाल. "मी न्हाई ओरडलो," ते म्हणाले, "आई ओरडली. तिला शंभर." एवढं बोलून ते दहावीच्या वह्या तपासायला लागले आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता काकूंबद्दल. सरांच्या मंडळींना आम्ही काकू म्हणायचो. काकूंचा आवाज फार कमी लोकांनी ऐकला होता. त्या बोलायच्या, पण इतक्या हळू की भाजीवाल्याला हातगाडीवरून पुढं वाकावं लागायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर तिकडच्या त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायका पाळतात, पण काकू 'अहो'सुद्धा म्हणायच्या नाहीत. जेवण तयार झालं की त्या ओट्याशी उभ्या राहून पातेल्याच्या झाकणीवर उलथनं वाजवायच्या. दोनदा वाजलं की जेवण, एकदा वाजलं की चहा. सर गल्लीच्या टोकाला गप्पा मारत उभे असले तरी तो आवाज बरोब्बर ओळखायचे आणि वाक्य अर्धं सोडून चालायला लागायचे. लग्नात घेतलेला उखाणा सोडला, तर आपलं नाव हिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, असं सर अभिमानानं सांगायचे. उखाणाही ऐकला नव्हता, म्हणे, बँड वाजत होता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्या पिक्चरचा दुसरा भाग यायचं ठरलं.

पहिला भाग सगळ्या तालुक्याला तोंडपाठ होता. ऊसतोडीला आलेल्या एका बाईला मुकादम मारून उसातच पुरतो आणि ती दरवर्षी कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोयता घेऊन उठते, अशी ती गोष्ट. आमच्याकडं प्रत्येकाच्या घरी कोयता आणि प्रत्येकाच्या रानात ऊस, त्यामुळे पब्लिकला तो पिक्चर आपल्याच बांधावर घडल्यासारखा वाटला. दुसऱ्या भागात, ऐकिवात असं होतं, की पहिल्यात मेलेल्यांचे भाऊबंद मरणार होते.

पण पिक्चर यायच्या आधीच गावात फूट पडली. पहिल्या भागातला हिरो दुसऱ्यात नव्हता, त्याच्या जागी नवाच कोणी घेतला होता. झालं. 'कोयता कट्टर समर्थक, राहाता तालुका' या नावाचा जो मोबाईलवरचा ग्रुप होता त्याचे दोन ग्रुप झाले. एक मूळ, एक नवा. मूळ कोणता यावरही भांडण होतं. जुन्या हिरोचे निष्ठावंत म्हणायचे, की आमचा हिरो मरताना कॉलरसुद्धा हलू द्यायचा नाही आणि हा नवा म्हणजे भुताला बघून हळदीला बसल्यासारखा हसतो. नव्याचे समर्थक म्हणायचे, जुन्याला पळता येत नव्हतं, म्हणूनच मेला. कोयतेवालीचं काम करणाऱ्या नटीबद्दल मात्र दोन्ही गटांचं एकमत होतं. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं की अंगावर काटा येतो, असं ते रोज एकमेकांना लिहायचे आणि खाली रडणारी, हसणारी, पेटलेली तोंडं चिकटवायचे. पिक्चर अजून कोणी पाहिलेला नव्हता. त्याची कोणाला अडचण वाटत नव्हती.

सर दोन्ही ग्रुपमध्ये होते. दोन्हीकडं त्यांना मान होता, कारण दोन्हीकडची निम्मी पोरं गणितात त्यांच्या हातून नापास झालेली होती. ट्रेलर आला तेव्हा दोन्ही गट त्यांच्या निकालाकडं डोळे लावून बसले. सरांनी रेकॉर्ड करून पाठवलं, "सगळे नापास. कोयतेवालीला सव्वीस." त्यावर रात्रभर चर्चा झाली म्हणे, की सव्वीस म्हणजे चांगले की वाईट.

आणि अशात एक दिवस कळलं, की दुसऱ्या भागाचं राहिलेलं शूटिंग पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरीकाठच्या उसात होणार आहे आणि त्यांना मरायला माणसं हवी आहेत. एक म्हातारा शेतकरी, रात्री उसाला पाणी द्यायला रानात गेलेला. तो "कोन हाय रं तिकडं?" असं विचारतो, किंचाळतो आणि मरतो. सर गेले, उभे राहिले, आणि त्यांची निवड झाली. जगातल्या सगळ्या नटांना नापास करणारा माणूस आता स्वतः पेपरला बसणार होता. याची जाणीव त्यांना होती. त्यांची झोप उडाली.

पुढचे काही आठवडे स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. 'कोन'वर जोर द्यायचा, का 'हाय'वर, का 'तिकडं'वर? सर डबा उघडायचे आणि विचारायचे, "कोन हाय रं तिकडं?" शास्त्राच्या बाई म्हणाल्या, तिकडंवर द्या. मुख्याध्यापक म्हणाले, कोनवर, कारण तो प्रश्न आहे. मी मराठीचा माणूस म्हणून माझं मत विचारलं गेलं आणि ऐकलं गेलं नाही. रजेच्या अर्जात त्यांनी 'वैयक्तिक कारण' लिहिलं. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "माझा खून आहे."

शूटिंगला मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. मला दोरीच्या अलीकडं उभं केलं होतं, त्यामुळे काही दिसलं नाही. ऊस हलताना दिसायचा, कोणीतरी ओरडायचं, मग परत ऊस हलायचा. दुपारी सर बाहेर आले ते धोतर लालभडक, अंगाला पाचट चिकटलेलं आणि तोंडावर समाधान. पाय धरून उसातून लई वेळा फरफटत नेलं म्हणाले. मी विचारलं, कॅमेरा कुठं होता. ते म्हणाले, "आदी पायाजवळ. मग हळूहळू तोंडाकडं येनार. तसंच असतं ते." रक्त म्हणून त्यांना काकवी लावली होती, रंग घातलेली. येताना वाटेत एवढ्या माशा जमल्या की अस्तगावच्या फाट्यावर एका माणसानं आम्हाला थांबवून विचारलं, गूळ कुठून आणला.

घरी काकूंनी त्यांना फाटकातच थांबवलं. आत जाऊन एक बादली पाणी आणि कडुलिंबाचा पाला घेऊन आल्या. मयताहून आलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय, पाला चावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही पद्धत. सर म्हणाले, अगं, मी कोणाच्या मयताला गेलो नव्हतो, माझंच होतं. काकूंनी बादली पुढं सरकवली. शेजारपाजारचे गोळा झाले आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागले. सर पाला चावत, काकवी धूत, वाकडं तोंड करून प्रत्येकाला सांगत होते, "मीच." मला हसू आवरेना. पण काकूंच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी मोटारसायकलची चेन बघायला खाली बसलो.

जिवंतपणी मरून दाखवणं काकूंना अभद्र वाटत होतं, एवढीच गोष्ट होती. आणि ती तेवढ्यावर राहिलीही असती. पण पिक्चर लागायच्या आधी समर्थकांनी चौकात फ्लेक्स लावला.

त्यांची इच्छा चांगलीच होती. आपल्या तालुक्याचा माणूस एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये कोयतेवालीच्या हातून मरतो आहे, तर त्याचं अभिनंदन व्हायला पाहिजे. पैसे दोन्ही गटांनी मिळून गोळा केले, तेवढ्यापुरती एकी झाली. पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये एका माणसाचा मोठा फोटो आणि खाली शेकडो नावं बसतील असा साचा एकच होता. तो कशासाठी वापरतात ते सांगायला नको. त्यानं मजकूर बदलला, कडेच्या समया आणि झेंडूच्या माळा काढायच्या राहिल्या. मधोमध सरांचा सेवापुस्तकातला फोटो, त्यावरून ओघळणारं रक्त आणि खाली लिहिलेलं: 'पडद्यावर येत आहेत... शुक्रवारपासून.' ते वाचायला जवळ जावं लागायचं. समया लांबून दिसायच्या.

सरांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, राहुरीहून एसटीनं शिर्डीला चालले होते. त्यांनी खिडकीतून फ्लेक्स पाहिला, कंडक्टरला घंटी मारायला लावली आणि चौकातच उतरले. तिथून डोक्यावर टॉवेल टाकून घरापर्यंत रडत आले. मागून दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी दाजींना खरं काय ते सांगत आणि निम्मी खरंच दुःखात. दारात काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी दाजींना बघितलं, टॉवेल बघितला, आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. सर शाळेत होते. ते घरी येईपर्यंत काकूंनी जो काही अर्धा तास काढला त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. समर्थकांनी तो किस्सा ग्रुपवर टाकला आणि पिक्चरच्या आधीच एवढी हवा, म्हणून एकमेकांना शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो तेव्हा काकू दाराशी आल्या. ऐकायला मला वाकावं लागलं.

"भावजी, मला थेटरात घेऊन चला. त्यांनी ह्यांचं काय केलंय ते माझ्या डोळ्यांनी बगू द्या."

शुक्रवारी बाराच्या शोला सगळं गाव लोटलं होतं. टॉकीजच्या दारात कोयतेवालीचं दोन माणसांएवढं कटआउट उभं केलं होतं आणि त्यावर दुधाचा अभिषेक चालला होता. ज्यांनी घरच्या म्हशीखाली कधी बूड टेकवलं नाही ती पोरं शिडीवर चढून कॅनच्या कॅन रिकामे करत होती. कोयत्यावरून दूध गळत होतं, खाली चिखल झाला होता. एक गट नव्या हिरोच्या नावानं घोषणा देत होता, दुसरा जुन्याच्या, आणि पेरूवाला दोघांनाही तिखटमीठ लावून फोडी विकत होता. सरांना बघितल्यावर दोन्ही गटांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सर वरून मला म्हणाले, काकूंकडं बघा. मी काकूंना आत नेऊन बसवलं. मधे सर, एका बाजूला काकू, एका बाजूला मी.

पिक्चर सुरू झाला. समर्थक पडद्याकडं कमी आणि आपापल्या मोबाईलकडं जास्त बघत होते. कोणी मेलं की ते मोबाईल स्वतःच्या तोंडाकडं वळवायचे आणि घाबरल्यासारखं करायचे. नवा हिरो आला तेव्हा निम्म्या थिएटरनं शिट्ट्या मारल्या आणि निम्म्यानं पाठ फिरवून बसून निषेध केला. त्या निम्म्यांनी निम्मा पिक्चर प्रोजेक्टरकडं तोंड करून काढला. मुकादमाचा भाऊ मेला, त्याचा मेव्हणा मेला, एक फौजदार मेला. सर हळूच मोजत होते. "एकोनीस. चौदा. ह्याला तर काय, नऊ." काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, पण डोळे उघडे होते. माणसामागून माणूस मरत होता आणि त्या प्रत्येकाला नीट निरखत होत्या, हा नाही, हाही नाही.

मग पडद्यावर रात्र झाली, पाटाचं पाणी दिसलं, ऊस सळसळला. सरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "आता," ते म्हणाले.

"कोण आहे तिकडे?" असा आवाज आला. तो सरांचा नव्हता. कोणीतरी गुळगुळीत, शहरातला माणूस बोलला होता. मी सरांकडं पाहिलं. ते पुढं वाकून तोंडाची वाट बघत होते. तोंड आलं नाही. कोयता वर गेला, पडदा लाल झाला आणि त्यातून कोणीतरी तेवढ्याच गुळगुळीत आवाजात किंचाळलं. मग दोन पाय दिसले. टाचांना भेगा पडलेले, चिखलानं भरलेले दोन पाय उसाच्या सरीतून फरफटत आत चालले होते. कॅमेरा हळूहळू वर तोंडाकडं येईल असं सरांनी सांगितलं होतं, पण तो पायांवरच थांबला. इथून तिथून सगळं मिळून एवढंच. थिएटरात कोणीतरी ओरडलं, "सर कुठंयत?" दुसरा म्हणाला, "पाय बघा ना, पाय." आणि सगळं पब्लिक खदखदून हसलं. ज्यांनी फ्लेक्स लावला होता ते सगळ्यात मोठ्यानं हसले. आमच्या रांगेवर मोबाईलचे उजेड पडले.

सर हलले नाहीत. त्यांनी लावलेलं बटण हळूच काढलं.

पडद्यावर पाय अजून चालले होते. डावा पाय उजेडात आला आणि करंगळीची मोकळी जागा स्पष्ट दिसली. तेवढ्यात सरांच्या पलीकडून मला कोणीतरी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. लांब, ओढलेला. क्षणभर माझ्या कानाला दुसरं काहीच ऐकू येईना. आणि मग काकू किंचाळल्या.

ती किंकाळी मला इथं लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की थिएटरातलं हसू बंद झालं, प्रोजेक्टरकडं तोंड करून बसलेले वळून बसले, आणि दारावरचा माणूस पळत आत आला. आणि त्या किंकाळीत शब्द एकच होता. सरांचं नाव. सर, बिर, काही नाही. नुसतं नाव, घरच्या लहान पोराला विहिरीच्या काठावर बघून हाक मारावी तसं.

सर आधी नुसते बघतच राहिले. मग त्यांनी काकूंचा हात धरला. "हितं हाय मी. अगं, हितं हाय." काकू पडद्याकडंच बघत होत्या. तेव्हा या माणसानं डाव्या पायातली चप्पल काढली, पाय उचलून पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि काकूंचा हात ओढून त्या गुळगुळीत गोळ्यावर ठेवला. मोबाईलचे उजेड अजून आमच्यावर होते. साऱ्या राहात्यानं सरांचे पाय पाहिले. काकूंनी तो पाय दोन्ही हातांनी चाचपला, करंगळीची जागा पुन्हा पुन्हा दाबून बघितली, आणि मग त्या ढसाढसा रडल्या. आम्ही उठून बाहेर आलो. पेरूवाल्यानं पाणी दिलं. आतून परत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत ती किंकाळी दोन्ही ग्रुपवर फिरत होती. कोणीतरी स्वतःचं तोंड रेकॉर्ड करत होता, त्यात ती आली होती. 'राहात्यात बायका किंचाळल्या, भाग दोन सुपरहिट.' 'कोयतेवालीच्या कामाला सलाम.' 'नवा हिरोच पाहिजे.' एकानं ती रिंगटोन करून दिली. ज्या किंकाळीला सलाम ठोकला ती कोयतेवालीची नव्हती आणि कोयतेवाली तर त्या वेळी पडद्यावरही नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. चौकातली टवाळ पोरं सरांना नावानं हाक मारायला लागली, काकूंच्या आवाजाची नक्कल करत, आणि म्हणूनच ते नाव मी इथं घेतलेलं नाही. काकूंनी घराबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं, तेही ओरडून, ही लाज त्यांना खात होती. भाजी शेजारीण आणून द्यायची. झाकणी वाजायची बंद झाली. सर आपणहून वेळेवर जेवायला जायचे आणि गप्प बसून जेवायचे.

सर चिडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. रविवारी सकाळी ते मला घेऊन चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले. दोन्ही ग्रुपचे म्होरके तिथंच बसलेले असायचे, भांडण मोबाईलवर आणि चहा एकत्र. सर त्यांच्यासमोर उभे राहिले. एकानं उठून खुर्ची दिली, दुसरा म्हणाला, सर, काकूंना मार्क किती दिले ते तरी सांगा, सगळे विचारतायत. सरांनी खुर्ची घेतली नाही.

"तो आवाज काढून टाक."

तो पोरगा हसत म्हणाला, की आता तो सगळीकडं गेला सर, पिक्चरचं कौतुकच होतंय, तुमचंच नाव होतंय.

"पिक्चरचा न्हाई तो. माझ्या घरचा हाय. तुझी आई अशी ओरडली तर रिंगटोन करशील?"

सरांनी त्याच्यासमोर हात पसरला आणि तो फोन हातात पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. दोघांच्या फोनमधून त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत ते काढायला लावलं, रिंगटोनसुद्धा. पुढं ज्याच्या ज्याच्याकडं गेलं होतं त्याला त्याला तिथूनच फोन लावायला लावले. गणितात नापास करणाऱ्या मास्तराला ती पोरं अजून घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी सरांनी स्वतःचा फोन काढला आणि दोन्ही ग्रुपमधून बाहेर पडले. जाता जाता फ्लेक्सही उतरवून घेतला. तो त्यांच्या गोठ्यावर पुढं बरेच दिवस होता, समया आतल्या बाजूला करून.

त्यानंतर त्यांनी कोणालाही मार्क दिले नाहीत. तिसरा भाग यायच्या बातम्या आल्या, जुना हिरो परत येणार, कोयतेवाली बदलणार, ग्रुप पेटले. सर स्टाफरूममध्ये शांतपणे वह्या तपासत बसायचे. नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षकाला मीच सवयीनं म्हटलं, सरांना किंचाळून दाखवा. सर म्हणाले, जेवू द्या त्यांना.

माझी राहुरीला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो होतो. सर नेहमीसारखे मांडी घालून, चपला खाली. मला राहवलं नाही. मी विचारलं, त्या दिवशीच्या त्या किंकाळीला किती दिले होते. त्यांनी पायाच्या त्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, शंभर म्हणतील.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "मी मेल्यावर बी ही झाकनीच वाजवील."

आत स्वयंपाकघरात उलथनं झाकणीवर दोनदा वाजलं. सर चपला न घालताच उठले आणि आत गेले.